डावी बाजू

"कुठल्या गाडीचा पायजे?" भंगारवाल्याने विचारलं. मी म्हटलं, स्प्लेंडर. तो ढिगात वाकला, दोन सायलेन्सर बाजूला सारले, एक वाकडं हँडल उचलून परत तिथेच टाकलं आणि खालून ते धूड ओढून काढलं. "ह्यो घ्या. सगळ्यास्नी बसतंय."

त्या 'सगळ्यास्नी'ला मी तिथल्या तिथे हटकायला हवं होतं. पण ऊन डोक्यावर आलं होतं, आणि वस्तू हातात घेतली तर खरंच वजनदार होती. आजकालच्या पोकळ नळीचा नव्हे, भरीव सळईचा साडी गार्ड. आडव्या सात सळया, भोवती चौकट, खाली दोन्ही पाय ठेवता येतील एवढी लांब पट्टी. पट्टीवरचं रबर गेलेलं. एका सळईला काळा दोरा गुंडाळलेला होता आणि त्यात सुकून कोळसा झालेली मिरची अजून अडकली होती. कुणाच्या तरी गाडीला दृष्ट लागू नये म्हणून बांधलेली. एकशे ऐंशी रुपये म्हणाला, दीडशेला दिला.

तो का घ्यावा लागला, ते आधी सांगतो.

गाडी बाबांची. २००१ सालची स्प्लेंडर, टाकीवर अजून 'हिरो होंडा' लिहिलेली. त्या दोन कंपन्यांनी २०१० च्या डिसेंबरात वेगळं व्हायचं ठरवलं, आमची टाकी मात्र एकत्र कुटुंबातच राहिली. शोरूममधून आली तेव्हा गाडीला साडी गार्ड होता, कारण तसा कायदाच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो की मागे माणूस बसणार असेल तर गाडीला धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकणारं काहीतरी हवं. नियमात साडीचं नावही नाही. पण 'कपडे' म्हणजे काय ते सगळ्यांनाच कळतं. बायका एका बाजूला बसतात, दोन्ही पाय डावीकडे, पदर डाव्या खांद्यावरून मागे. आणि त्याच्याच खाली आऱ्यांचं चाक गरगर फिरत असतं. लेडीज सायकलींच्या मागच्या चाकावर मडगार्डपासून मधल्या नटापर्यंत रंगीत दोऱ्यांची जाळी ताणलेली असायची, तेही याचसाठी. आई साडी गार्डला आजही जाळीच म्हणते.

तो मूळचा गार्ड मी काढला. २००५ साली, कॉलेजात असताना. स्प्लेंडर ही काही पोरींनी वळून बघावं अशी गाडी नव्हेच, पण गार्ड काढला की निदान दूधवाल्याची वाटत नाही, अशी माझी समजूत होती. बाबा काही बोलले नाहीत. मी तो वजनावर विकला. अठरा रुपये आले. त्याचं काय केलं ते आठवत नाही, वडापाव खाल्ले असणार.

बाबा जाऊन तीन वर्षं झाली. गाडी मी कोल्हापुरातल्या कोल्हापुरात वापरतो, मंडई, बँक, रंकाळ्यावर एखादी चक्कर. आणि या वर्षी पौष संपता संपता आई म्हणाली, "यंदा एक तरी खेटा घालायचा आहे मला."

बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. माघातल्या रविवारी कोल्हापूरहून जोतिबाच्या डोंगरावर अनवाणी चालत जायचं, त्याला खेटे म्हणतात. पंचगंगेच्या घाटावरून निघायचं, वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखावरून वर. आई सांगते की जोतिबा हा मुलूख सोडून परत निघाला होता, तेव्हा अंबाबाई त्याची समजूत काढायला अशीच चालत गेली. आईने स्वतः कितीतरी माघ हे केलं. आता ती अडुसष्ट वर्षांची आहे आणि गुडघे जिना उतरतानाच नको म्हणतात.

"रिक्षा करू," मी म्हटलं.

"रिक्षातून काय खेटा होतोय व्हय? गाडीवर ने."

"गाडीवर तरी कुठे खेटा होतो?"

त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तिने विषय बदलला. "आणि आधी ती जाळी लाव. जाळीशिवाय मी बसायची नाही."

मला ते जुन्या माणसांचं उगाचचं वाटलं. पण हट्ट हट्टच. आधी रीतसर दुकानात गेलो. तिथला नवा गार्ड दोन बोटांनी दाबला तर हलत होता. म्हणून भंगार. खरं सांगायचं तर थोडा चिकटपणाही होता, आणि जुनी वस्तू शोधून आणली की आपण काहीतरी कमावलं असं वाटतं, तोही भाग होता.

घरी आणून गाडी मेन स्टँडवर लावली. गार्ड तीन जागी धरला जातो. एक शॉकअपच्या वरच्या नटाखाली, एक मागे सीटच्या कडीजवळ आणि एक खाली, मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला. वरची दोन्ही भोकं जागेवर आली. मी खूश. खालचा कान मात्र ब्रॅकेटपासून बोटभर दूर हवेत लटकत राहिला. खालचं जोडलं तर वरचं सुटायचं, वरचं जोडलं तर खालचं. दोन तास हेच चाललं होतं. शेजारच्या काकांनी गॅलरीतून दोनदा खाली बघितलं आणि दोन्ही वेळा वेगवेगळा सल्ला दिला.

त्यात बोल्टाने घोळ घातला. गार्डबरोबर भंगारवाल्याने एक बोल्ट फुकट दिला होता. तो नटात दोन-तीन आटे गोड बोलून आत गेला आणि अडकला. मी तेल सोडलं, पाना लावून जोर केला, आणि आटे सोलून हातात आले. नंतर कळलं की तो अडीच सुती बोल्ट होता. आपले गवंडी आणि लोहार अजून इंच आणि सुतात बोलतात, आठ सुतांचा एक इंच. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलीमीटर. गाडीचा नट ८ मिलीमीटरचा. साध्या डोळ्यांना दोघे सख्खे भाऊ. पण गाडीच्या नटात दर सव्वा मिलीमीटरला एक आटा आहे आणि त्या बोल्टावर इंचात अठरा, म्हणजे दर १.४१ मिलीमीटरला एक. पहिले दोन-तीन आटे ढिलाईत खपून जातात, चौथ्यापासून एकमेकांच्या अंगावर चढतात. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रजाने १८४१ मध्ये आट्यांचं पहिलं प्रमाण मांडलं, तोवर जो तो कारखाना आपापल्या मनाचे आटे पाडायचा आणि बोल्ट ज्याचा त्याच्याच नटात जायचा. इंच आणि मिलीमीटरचा संसार आपल्याकडच्या भंगारात अजून एकाच डब्यात चालू आहे. गाडीचा मूळ बोल्ट, तोही ८ मिलीमीटरचाच, जपानी पद्धतीचा, त्याच्या डोक्याला बाराचा पाना लागतो. त्याच मापाचा बाजारातला बोल्ट घ्या, तेराचा पाना आणा. हे सगळं मला त्या एका दिवसात कळलं, हातावर दोन ओरखडे आणि एक नट यांच्या बदल्यात.

मग मी जे केलं ते बहुतेक सगळेच करतात. लांब बोल्ट आणला आणि नट आवळत आवळत कान ब्रॅकेटकडे ओढून घेतला. नट फिरतोय, फट कमी होतेय, सळया थोड्या कुरकुरताहेत. शेवटी कान ब्रॅकेटला टेकला. लांबून पाहिलं तर गार्ड झकास बसला होता. मी आईला हाक मारून दाखवलाही. ती जवळ आली, सळईवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "घट्ट बसलाय ना?"

"एकदम."

घट्ट होता यात शंका नाही. सतराव्या दिवशी रंकाळ्याच्या कडेने येताना मागे काहीतरी खणकलं. थांबून बघतो तर खालचा कान वेल्डच्या कडेने बरोबर रेघ मारल्यासारखा तुटला होता. तुटला आणि लगेच आपल्या जुन्या जागी गेला, ब्रॅकेटपासून बोटभर दूर. सतरा दिवस मी त्याला बोल्टाने ओढून धरला होता आणि तो सतरा दिवस मागे खेचत होता. इंजिनाची थरथर त्या ओढाताणीवर येऊन आदळत राहिली, आणि असं सतत ताणलेलं लोखंड तुटतं ते नेमकं वेल्डच्या कडेला, जिथे जाडी एकदम बदलते. भाराने मोडला असता तर पट्टी आधी वाकली असती. ती जशीच्या तशी होती.

उद्यमनगरात एक ओळखीचे फॅब्रिकेटर आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही. गार्ड पिशवीत घालून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि पिशवी परत माझ्याकडे ढकलली.

"गाडी कुठाय?"

"घरी. फक्त हा कान जोडायचा आहे, मामा."

"जोडतो की. आनि परत तुटला की परत जोडतो. माझं काय जातंय? गाडी आन जा."

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेलो. मला वाटलं होतं ते गार्ड गरम करतील, ठोकतील, वळवतील. त्यांनी आधी गार्ड शहाबादी फरशीवर आडवा ठेवला आणि चारी कोपरे बोटाने दाबून बघितले. एक कोपरा किंचित डुगडुगला. "दोन-तीन एमएम. गाडी पडलेली हाय ह्याची कधीतरी. पन लई न्हाई." मग त्यांनी गवंड्याची दोरी काढली. मागच्या टायरच्या मध्यावरून पुढच्या टायरच्या मध्यापर्यंत दोरी धरायला मला आणि एका पोऱ्याला उभं केलं, आणि दोरीपासून दोन्ही फूटरेस्टच्या ब्रॅकेटांपर्यंत पट्टीने माप घेतलं. उजवीकडे १४२ मिलीमीटर. डावीकडे १३३. परत घेतलं. परत तेच.

"गार्ड न्हाई वाकडा," मामा म्हणाले, "गाडी वाकडी हाय तुमची."

मला राग आला. वीस वर्षं ही गाडी आमच्या घरात आहे. बाबा रविवारी तिला पुसायचे, तेही आपल्या जुन्या बनियनने, आणि तो बनियन फक्त गाडीसाठीच ठेवलेला असायचा. वाकडी कशी असेल? मी खाली बसून बघितलं. एकदा सांगितल्यावर दिसायला वेळ लागला नाही. डाव्या ब्रॅकेटची पट्टी मुळाशी किंचित आत दबलेली होती, आणि फूटरेस्टच्या टोकाला, रबराच्या आत, लोखंड तिरपं घासलं गेलं होतं. वर गंज चढून जुनं झालं होतं. म्हणजे भंगारवाल्याने खोटं सांगितलं नव्हतं. गार्ड सगळ्यांना बसत असेलही. आम्हालाच बसत नव्हता.

मी म्हटलं, मग ब्रॅकेट गरम करून बाहेर ओढा.

"चासीला आग लावायची न्हाई," मामा म्हणाले. "वीस वर्षं तिथंच बसलंय ते, पक्कं बसलंय. आता सरळ करायला जाल तर मुळातनं चिरंल. जेवडं आत गेलंय तेवडा बुश घालू. नऊ एमएम." त्यांनी पोऱ्याला समोरच्या लेथवर पिटाळलं. "उद्या सकाळी या."

संध्याकाळी आई मेथी निवडत होती. मी सहज म्हटलं, आपली गाडी कधी पडली होती का गं डाव्या बाजूला, मामा म्हणतात ब्रॅकेट आत गेलाय.

तिने मेथीची जुडी सोडवली. "पडली होती की. वडणगे फाट्याजवळ. तू तेव्हा हॉस्टेलवर होतास."

"मला कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? बारशाला गेलो होतो. येताना पदर गेला चाकात. थोडाच. ह्यांना कळलं, ह्यांनी ब्रेक मारला, गाडी कलंडली. मला काही झालं नाही, कोपर खरचटलं. पदर फाटला तेवढा." काड्या एकीकडे, पानं एकीकडे. "हे म्हणाले, पोराला सांगू नको. त्याला वाटेल."

मी गप्प बसलो. त्यानंतर बाबा आईला गाडीवर कुठे न्यायचेच नाहीत, हे माझ्या लक्षात होतं. लग्नाला एसटी, देवाला एसटी, दवाखान्याला रिक्षा. मला वाटायचं वय झालं, आता त्यांना मागे माणूस घेऊन चालवायला झेपत नसेल. गार्ड मीच विकला होता, पण नवा आणून बसवणं त्यांना काय जड होतं? दुकानात तो तेव्हा शे-दोनशेला मिळत असेल. त्यांनी आणला नाही. आणला असता तर मी सुट्टीत घरी आल्यावर विचारलं असतं, हा परत कशाला लावलात? आणि मग सांगावं लागलं असतं.

"कुठली साडी गं?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"जांभळी इरकल. ती मग वाकळेत घातली. तूच नेलीस की ती वाकळ हॉस्टेलवर, थंडी वाजते म्हणून."

वाकळ अजून माझ्या कपाटात आहे. रात्री काढून बघितली. मधल्या थराला एका बाजूने जांभळं कापड आहे, काठ उलटून आत शिवलेला. फाटलेला भाग दिसत नाही. आईचे टाके बारीक असतात.

सकाळी मामांकडे गेलो तेव्हा बुश तयार होता. करंगळीच्या पेरापेक्षाही छोटा लोखंडी गोल तुकडा, मधे साडेआठचं भोक, लांबी बरोबर नऊ. तळहातावर घेतला तर लेथवरच्या तेलाचा वास येत होता. पोऱ्याने पैसे सांगितले, चाळीस रुपये.

मग पुढचं काम मामांनी ज्या सावकाशीने केलं ते बघण्यासारखं होतं. तुटलेल्या कानाचं जुनं वेल्ड ग्राइंडरने साफ केलं, कडांना उतार दिला. गार्ड गाडीवर वरच्या दोन बोल्टांत नुसता अडकवला, आवळला नाही. खाली बुश धरला, कान जागेवर आणला आणि खडूने खुणा केल्या. मी म्हटलं इथेच टाका मारा की. "पेट्रोल हाय वर," ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो. गार्ड काढून टेबलावर नेला. खुणेवर कान ठेवला, आणि पुन्हा मुद्दाम दोनएक मिलीमीटर चुकीच्या बाजूला सरकवला.

"खूण तर इकडे आहे," मी म्हटलं.

"वेल्ड गार होताना वढतंय. आत्ता चुकीचं धरलं की गार झाल्यावर बरोबर येतंय."

दोन टाके मारले, गार होऊ दिलं, गाडीवर लावून बघितलं. बरोबर आलं होतं. मग पुरं वेल्ड. वरच्या शॉकअपच्या नटाकडेही त्यांचं लक्ष होतं. गार्डची वरची पट्टी जाड, त्यामुळे नटाला धरायला आटे कमी पडत होते. त्यांनी पट्टी भोकाभोवती घासून पातळ केली आणि एक जास्तीचा वायसर काढून टाकला. शॉकअपचा नट सुटला तर साडी गार्ड कशाला, काहीच उरायचं नाही. मला हे कधीच सुचलं नसतं. मी तो नट हाताला घट्ट लागला म्हणजे झालं, असं समजून चाललो होतो.

खालच्या बोल्टासाठी त्यांनी डबा उपडा करून डोक्यावर ८.८ कोरलेला एक शोधून काढला. ते दोन आकडे मी तोवर मालाचा नंबर समजत होतो. पहिल्या आठाचा अर्थ, तुटेपर्यंत दर चौरस मिलीमीटरला ८०० न्यूटन ताण सोसेल. दुसऱ्याचा, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ओढला तरी सोडल्यावर परत मूळ लांबीवर येईल. भंगारवाल्याच्या बोल्टाच्या डोक्यावर काहीच नव्हतं. तिन्ही बोल्ट आधी नुसत्या बोटांनी फिरवले, एकही पाना लावला नाही. "बोटानं जात नसंल तर ते बसलेलं न्हाई," मामा म्हणाले. तिन्ही गेले. मग थोडा हा, थोडा तो, पुन्हा हा, असं करत आवळले. कुठे काही कुरकुरलं नाही.

एक शंका उरली होती आणि ती माझी होती, म्हणून तिचं श्रेय मी घेणार. गार्ड चासीला धरलेला असतो, चाक स्विंग आर्मला, म्हणजे चाकाबरोबर वर-खाली हलणाऱ्या मागच्या दांड्याला. मागे माणूस बसला की चाक आणि चेन कव्हर वर येतं, गार्ड जिथल्या तिथे. रिकाम्या गाडीवर जी फट दिसते ती खरी फट नव्हे. फिटर लोक दोन भाग कुठे टेकतात ते बघायला निळा रंग लावतात. माझ्याकडे निळा नव्हता. भाचीच्या रांगोळीतला गुलाबी रंग खोबरेल तेलात कालवून मी चेन कव्हरच्या कडेला फासला आणि शेजारच्या, सल्ला देणाऱ्या काकांना मागे बसवलं. ते ब्याण्णव किलो आहेत, स्वतःच सांगतात. गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेच्या काळातला एक गतिरोधक आहे, त्यावरून तीन वेळा गेलो. काका दर वेळी "हळू, हळू" म्हणत होते आणि मला हळू जायचं नव्हतं. परत येऊन बघितलं. गार्डच्या आतल्या बाजूला गुलाबी ठिपकाही नव्हता. तो बुश घातला नसता तर खालची सळई नऊ मिलीमीटर आत असती, आणि काकांनी ती नक्की रंगवली असती.

पट्टीवरचं रबर मात्र लावायचं राहिलं. उद्या लावू म्हणता म्हणता रविवार आला.

पहाटे साडेपाचला निघालो. आईने हेल्मेटवरून पदर घ्यायचा प्रयत्न केला, जमला नाही, मग पदर पुढे घेऊन कमरेला खोचला आणि वर शाल बांधली. एवढं केल्यावर जाळीची तशी गरजही नव्हती. ती बसली, दोन्ही पाय पट्टीवर ठेवले आणि "हं" म्हणाली. शिवाजी पुलावर पंचगंगेचं धुकं होतं. पुलापलीकडे चालणाऱ्यांची रांग लागली, पोरं, बायका, एक म्हातारा खांद्यावर नातू घेऊन, सगळे अनवाणी. "जोतिबाच्या नावानं" एकीकडून आणि "चांगभलं" दुसरीकडून. फाट्याजवळून चालणारे वडणग्याकडे वळले. आपण सरळ केर्लीकडून. मी तिथे वेग कमी केला, का ते मलाही नीट सांगता येणार नाही. मागून आई काही बोलली नाही. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, तो तसाच राहिला.

थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "पट्टी गार लागतीय रे."

मी आरशात बघितलं. तिच्या मांडीवर चपला होत्या, पिशवीत गुंडाळून. तिने घरातूनच काढून घेतल्या होत्या.

"आई, घाल त्या. थंडी आहे."

"खेट्याला चपला घालतात होय?"

केर्लीतून घाट चढताना दुसऱ्या गिअरवर गाडी थोडी कण्हली, पण चढली. वर गाड्या लावतात तिथपासून देवळापर्यंत ती माझ्या हाताला धरून चालत गेली, वाटेत चार वेळा थांबून. दर्शनाची रांग मोठी होती. गुलालात न्हाऊन आम्ही साडेदहाला परत गाडीपाशी आलो तेव्हा कुणीतरी गाडीच्या टाकीलाही गुलाल लावला होता. तिथे सगळ्यांच्याच गाड्यांना लावत होते.

उतरून सपाटीला लागल्यावर तो आवाज सुरू झाला. बारीक, तार छेडल्यासारखा, डाव्या बाजूने. वेग कमी केला की बंद, वाढवला की चालू. घरी येऊन दोन दिवस मी त्याच्या मागे लागलो. सगळे नट घट्ट होते. शेवटी सापडलं. मधल्या एका सळईचा जोड थोडा ढिला आहे, आणि चौथ्या गिअरवर काटा पंचेचाळीसला आला की इंजिनाची थरथर आणि त्या सळईची स्वतःची थरथर एका सुरात येतात. इलाज सोपा आहे, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून जोडात दाबून बसवायचा. मी तुकडा कापून आणला, पट्टीसाठीही रबर आणलं. आई अंगणात उभी होती.

"ते पट्टीचं लाव," ती म्हणाली. "आवाजाचं राहू दे."

"का? खणखणतंय ते."

"खणखणू दे. तुझा पंचेचाळीसच्या वर काटा गेला की मला कळतंय."

ट्यूबचा तुकडा टूल बॉक्समध्ये तसाच आहे. पन्नासच्या पुढे सळई पुन्हा गप्प होते, हे मी तिला सांगितलेलं नाही.